फाटलेलं की विरलेलं? वापरलेले कपडे निवडताना आणि दुरुस्त करताना

वापरलेला कपडा हातात घेतला की नजर आधी भोकावर, डागावर किंवा तुटलेल्या बटणावर जाते, आणि तेवढ्यावरून आपण तो बाजूला ठेवतो. यातलं बरंचसं घरी, साध्या सुई-दोऱ्याने दुरुस्त होण्यासारखं असतं. जे दुरुस्त करायला कठीण असतं ते मात्र सहज दिसत नाही. कोपराजवळ, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड झिजून पातळ झालेलं असतं आणि चारदोन धुण्यांत तिथे भोक पडणार असतं.

म्हणून एक फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. फाटणं हा अपघात आहे. खिळ्याला अडकलं, टाका तुटला, कशाने तरी कापलं गेलं. अशा जागेच्या आजूबाजूचे धागे शाबूत असतात, त्यामुळे टाका घालायला भक्कम जागा मिळते. विरणं ही झीज आहे. घासून घासून धाग्यांमधले तंतू तुटलेले आणि धुण्यात वाहून गेलेले असतात. अशा कापडात टाका घातला की दोरा टिकतो, पण दोऱ्यालगतचं कापड सुटतं. फाटलेला कपडा निःशंक घ्यावा. विरलेला घ्यायचा तर किती भाग विरलाय आणि त्याच्या भोवती धडधाकट कापड किती उरलंय हे पाहूनच घ्यावा.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर थोडक्यात. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ सालच्या अहवालानुसार, त्याआधीच्या साधारण पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. त्याच अहवालात असंही आहे की कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. याचं कारण कापडातच आहे. जुनं सुती कापड यंत्रात पिंजलं की तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूंचं सूत कमजोर निघतं. शिवाय आज बरेच कपडे मिश्र धाग्यांचे असतात. कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातलं की ते पुन्हा वेगळं करणं अवघड होतं. तेव्हा कपड्याचा पुनर्वापर म्हणजे सर्वांत आधी तो कपडा म्हणूनच वापरत राहणं. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने मांडलेल्या हिशोबाप्रमाणे कपडा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार सुमारे २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो.

हा फायदा एका अटीवर मिळतो: घेतलेला जुना कपडा अंगावर यायला हवा आणि त्याच्यामुळे एखादी नवी खरेदी टळायला हवी. स्वस्त मिळाले म्हणून दहा घेतले आणि आठ कपाटातच राहिले, तर पर्यावरणाच्या हिशोबात काहीच जमा होत नाही.

उजेडासमोर धरून पाहा

कापड तपासायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे ते खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर एकेरी धरणं. उजेड सगळीकडून सारखा झिरपत असेल तर कापड ठीक आहे. कुठे फिकट, जाळीदार पट्टा दिसला तर ते कापड विरलंय. झीज ठरावीक जागीच होते, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही: कोपर, गुडघे, बसायची जागा, मांड्यांच्या आतला भाग, काखा, कॉलरची मानेला घासणारी घडी, कफांची कड, खिशांचे कोपरे. टी-शर्टवर पोटाजवळ टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. पट्ट्याचं बक्कल, पँटचं बटण आणि ओट्याची किंवा टेबलाची कड यांच्यामध्ये कापड घासून ती पडतात. ती मोजकीच असतील तर रफू होतात. भोवतीचं कापडही पातळ झालं असेल तर तो टी-शर्ट सोडून द्यावा, कारण नवी भोकं पडतच राहतील.

मग कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये, साधारण २ सेंटिमीटर अंतर ठेवून धरा आणि हलकेच ताणा, आधी उभं, मग आडवं. बारीक चर्र असा आवाज आला किंवा धागे सुटायला लागले तर ते कापड जीर्ण आहे. जुन्या रेशमात हा दोष खूप आढळतो. पूर्वी रेशीम जड वाटावं म्हणून त्यावर धातूच्या क्षारांची प्रक्रिया करत, आणि त्या क्षारांमुळे धागे कालांतराने ठिसूळ होऊन घडीवर चिरतात. अशा रेशमावर कोणताही टाका टिकत नाही. सतत उन्हात टांगलेल्या कपड्यांच्या खांद्यांवर फिका पट्टा दिसतो. तिथे रंगाबरोबर धाग्याची ताकदही गेलेली असते.

ताणल्या जाणाऱ्या कपड्यात बहुधा स्पँडेक्स (लवचिक कृत्रिम धागा) असतं आणि ते उष्णतेने, क्लोरीनने आणि नुसत्या वयानेही मरतं. कंबरपट्टा हातभर ताणून सोडा. तो लगेच पूर्वीएवढा झाला नाही, कापड लहरीसारखं उभं राहिलं किंवा पृष्ठभागावर पांढरे केसासारखे धागे डोकावले, तर ते कापड गेलं. नेफ्यात वेगळं घातलेलं इलास्टिक बदलता येतं. कापडातच विणलेलं स्पँडेक्स बदलता येत नाही.

शिवणी आतून पाहा. शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड धरून हलकं ओढा. टाक्यांमध्ये फट पडली पण कापड तसंच राहिलं तर फक्त दोरा सैल झालाय, नव्याने टीप मारली की काम झालं. पण टाक्यांच्या भोवतीचे धागेच सरकून जाळी दिसू लागली तर कापडाने शिवण सोडायला सुरुवात केली आहे. मग शिवण आणखी आत घ्यावी लागेल आणि कपडा तेवढा घट्ट होईल.

चेन तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करा. रनरच्या मागे दात उघडत असतील तर दोष बहुधा रनरचा असतो आणि तो सुधारतो. मधलाच दात गेला असेल तर पूर्ण चेन बदलावी लागते, आणि आतून अस्तर असलेल्या जाकिटात ते हाताने करणं खरोखर किचकट आहे. बटणं किती आहेत यापेक्षा काजं कशी आहेत ते पाहा, कारण बटण कुठूनही आणता येतं पण विस्कटलेलं काज पुन्हा विणायला वेळ लागतो.

वासालाही महत्त्व द्या. कपाटात पडून राहिल्याचा कोंदट वास हवेवर टाकून आणि धुऊन जातो. काळे ठिपके आणि त्यासोबत ओलसर बुरसट वास म्हणजे बुरशी, आणि बुरशी सुताचे तंतू खाते, त्यामुळे तिथलं कापड आधीच कमजोर झालेलं असतं. पॉलिएस्टरच्या कपड्यात काखेचा घामट वास मुरलेला असेल तर तो कोरड्या कपड्यात कमी जाणवतो आणि अंगाच्या उबेने पुन्हा उठतो. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, पण घामातला तेलकटपणा मात्र धरून ठेवतो. काखेचं कापड तळहातात धरून थोडं गरम करा आणि मग वास घ्या.

लोकरीच्या कपड्यात बारीक भोकं, जाळीसारखे रेशमी धागे किंवा वाळूसारखे कण दिसले तर कसर लागलेली आहे. असा कपडा इतर कपड्यांपासून दूर, बंद पिशवीत घालूनच घरी आणावा. पिशवीसकट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला की अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड कापडावर हवेतलं पाणी जमतं.

काही गोष्टी मुळातच घेऊ नयेत. नकली लेदरचं वरचं आवरण पापुद्रे होऊन सुटू लागलं असेल तर ते थांबत नाही. हवेतल्या दमटपणाने त्या पॉलियुरेथेनची रासायनिक फूट होत असते. आटून नमद्यासारखी घट्ट झालेली लोकर मूळ मापाला परत येत नाही. लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी किंवा दोरी असेल तर ती काढून टाका आणि प्रत्येक बटण ओढून पाहा.

माप टेपने घ्या

लेबलावरचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि वापरलेला कपडा आटलेला किंवा ताणलेलाही असतो. आपल्याला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट सपाट पसरून मोजा आणि ते आकडे जवळ ठेवा: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, बाही, लांबी, कंबर, आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं अंतर), पायाची आतली लांबी. मग समोरचा कपडा तसाच सपाट ठेवून मोजा.

लांबी कमी करणं सोपं, बाजूच्या शिवणी आत घेणंही सोपं. खांदा बदलणं अवघड, कारण त्यासाठी बाही पूर्ण उसवून पुन्हा बसवावी लागते. खांदा बसत नसेल तर तो कपडा सोडावा असं आम्ही सुचवू. कपडा सैल करायचा असेल तर आत किती दाब, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, शिल्लक आहे ते बघा. बाजूच्या दोन शिवणींना मिळून कापडाच्या चार कडा असतात, म्हणून प्रत्येक कडेतून १ सेंटिमीटर सोडला तरी एकूण ४ सेंटिमीटर मिळतात. फक्त जुन्या टिपेची रेघ आणि आतल्या भागाचा गडद रंग बाहेर येतो, हे लक्षात ठेवा.

कापड कोणतं आहे?

लेबल गेलं असेल तर आतल्या दाबातून दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा आणि धातूच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून पेटवा. सूत आणि लिनन कागदासारखा वास देत भराभर जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं, ज्योतीबाहेर काढलं की सहसा विझतं, आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडतो. पॉलिएस्टर वितळून काळा धूर सोडतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात. ही ओळख धुण्यासाठी आणि इस्त्रीसाठी लागतेच, शिवाय दुरुस्तीचा दोरा ठरवायलाही लागते.

आधी टाका, मग धुणं

कपडा घरी आल्यावर उसवलेली शिवण आणि भोकाची कड मोठ्या कच्च्या टाक्यांनी तात्पुरती धरून घ्या. मशीनमध्ये घुसळताना लहान भोक मोठं होतं आणि स्वेटरसारख्या विणलेल्या कपड्यात घर, म्हणजे विणीतलं वेटोळं, सुटत जातं. त्यानंतर धुवा. जाड सुती कपडे लेबलावर परवानगी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात, लोकर थंड किंवा कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाने, न घासता. लोकर पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून वाळवा. टांगली तर पाण्याच्या वजनाने लांब होते.

काखेतले पिवळे डाग क्लोरीनच्या ब्लीचने जास्तच पिवळे होऊ शकतात. त्यासाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, डब्यावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून त्यात सुती किंवा पॉलिएस्टर कपडा काही तास भिजवावा. लोकर आणि रेशमासाठी ते वापरू नये. वासासाठी पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून वीस मिनिटं भिजवलं तरी फरक पडतो. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका. उष्णतेने डाग पक्का होतो.

दोरा कापडाहून बळकट नको

दुरुस्ती वारंवार का निकामी होते, याचं मुख्य कारण इथे आहे. लोकांना वाटतं की मजबूत दोरा, घट्ट टाके आणि जाड ठिगळ म्हणजे चांगली दुरुस्ती. प्रत्यक्षात दुरुस्तीची जागा आजूबाजूच्या कापडापेक्षा कडक झाली की सगळा ताण तिच्या कडेवर येतो आणि नवी फाट नेमकी तिथेच पडते. जुन्या मऊ सुतावर पॉलिएस्टरचा कडक दोरा करवतीसारखा चालतो. म्हणून सुताला सुती दोरा, लोकरीला लोकर, आणि जाडीही मूळ धाग्याएवढीच किंवा किंचित कमी. पॉलिएस्टरचा दोरा शिवणींसाठी ठेवा, तिथे ताण जास्त असतो आणि कापड दुहेरी असतं. जुळणारा धागा कुठेच मिळत नसेल तर त्याच कपड्याच्या आतल्या दाबातून किंवा दुमडीतून काढा.

दुसरा नियम: टाका नेहमी धडधाकट कापडात सुरू व्हावा आणि धडधाकट कापडातच संपावा. भोक १ सेंटिमीटरचं असलं तरी विरलेला भाग ३ सेंटिमीटरचा असू शकतो. दुरुस्ती ३ सेंटिमीटरच्या पलीकडे जायला हवी.

दोरा साधारण ४५ सेंटिमीटर घ्या. त्याहून लांब दोरा गुंततो आणि पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन पिंजतो.

शिवण आणि बटण

उसवलेली शिवण जोडताना कपडा उलटा करा. फटीच्या २ सेंटिमीटर आधी, जुन्या शाबूत टाक्यांवरूनच उलटी टीप सुरू करा, टाका २ ते ३ मिलिमीटरचा ठेवा आणि फट संपल्यावर आणखी २ सेंटिमीटर पुढे जा. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर सरळ टीप पहिल्यांदा डोक्यातून घालतानाच तुटते. तिथे मशीनवर झिगझॅग टाका वापरा, किंवा हाताने शिवताना दर तीन-चार टाक्यांनी कापड थोडं ताणून दोऱ्यात ढील सोडा.

बटण पुन्हा तुटतं कारण ते कापडाला चिकटवून शिवलेलं असतं आणि काजपट्टीच्या जाडीला जागाच उरत नाही. बटणावर एक काडी आडवी ठेवा, तिच्यावरून दुहेरी दोऱ्याचे चार ते सहा फेरे घ्या, काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली उरलेल्या दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे देऊन मागे गाठ मारा. शर्टाला २ मिलिमीटर उंची पुरते, कोटाला जास्त लागते. बटणाने कापडाचा तुकडाच उपटला असेल तर आतून २ सेंटिमीटरचं कापड लावून त्याच्यासकट शिवा.

रफू

रफू म्हणजे गेलेलं कापड सुईने पुन्हा विणणं. मोजे, स्वेटर, सुती कपड्यांतली लहान भोकं यासाठी ही उत्तम रीत आहे, आणि एकदा हात बसला की मन लावून करावीशी वाटते.

भोकाखाली काहीतरी गोलसर, गुळगुळीत ठेवा. रफूसाठी अळंबीच्या आकाराचा लाकडी ठोकळा मिळतो, नसेल तर छोटी वाटी उपडी ठेवली तरी चालते. कापड सपाट राहायला हवं पण ताणलेलं नको; ताणून रफू केलं की काढल्यावर तिथे फुगवटा येतो. भोकाच्या कडेचे लोंबते धागे कापू नका, फक्त अगदी सुटलेला भुसा काढा.

विरलेल्या भागाच्या १ सेंटिमीटर बाहेरून धावदोऱ्याने सुरुवात करा. उभ्या धाग्यांच्या दिशेने ओळीमागून ओळ घाला, ओळींमधलं अंतर एका धाग्याच्या जाडीएवढं ठेवा. भोक आलं की दोरा सरळ त्यावरून पलीकडे न्या आणि पलीकडच्या कापडात पुन्हा टाके घ्या. प्रत्येक वळणावर एक-दोन मिलिमीटरचं सैल वेटोळं सोडा. सुती आणि लोकरी धागा धुतल्यावर आटतो. वेटोळं नसेल तर सगळी रफू आखडते आणि भोवती चुण्या पडतात. शेवटच्या ओळी भोकाच्या दुसऱ्या बाजूलाही १ सेंटिमीटर बाहेर जाऊ द्या.

आता आडवे धागे. बोथट टोकाची सुई घ्या, म्हणजे ती धागा चिरत नाही. एक उभा धागा वरून, एक खालून असं जा. परतताना वरचा खाली आणि खालचा वर. प्रत्येक ओळ सुईच्या टोकाने मागच्या ओळीला लावून घ्या. शेवटी गाठ मारू नका, विशेषतः मोज्यात, ती पायाला टोचते. दोरा मागच्या टाक्यांमधून तीन-चारदा फिरवून कापा. मग ओल्या कापडावरून वाफेची हलकी इस्त्री दाबली की धागे एकमेकांत बसतात.

रफू खडबडीत झाली तर दोरा जाड होता. जाळीदार झाली तर ओळी विरळ होत्या. कडेने सुटली तर ती विरलेल्या भागातच संपवली होती.

स्वेटरमधून धागा ओढला जाऊन नुसतं वेटोळं बाहेर आलं असेल तर ते कधीही कापू नका. कापलं की ते एका भोकाची सुरुवात होते. शेजारची घरं सुईने थोडी थोडी ओढून जादा धागा दोन्हीकडे वाटा, उरलेला आत ढकला. घर सुटून शिडी पडली असेल तर बारीक क्रोशाच्या सुईने तळाचं सुटं घर उचला, त्याच्यावरचा आडवा धागा त्यातून ओढा, आणि असं एकेक पायरी वर जा.

ठिगळ

जीन्सचा गुडघा, पँटच्या मांड्या, शर्टाचं कोपर इथे रफू अपुरी पडते. इथे आतून ठिगळ हवं. ठिगळाचं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटेल आणि वरचं कापड चुणेल. विरलेल्या भागापेक्षा ते सगळीकडून २ ते ३ सेंटिमीटर मोठं कापा. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. ठिगळाचे उभे धागे कपड्याच्या उभ्या धाग्यांच्या दिशेतच ठेवा. तिरपं लावलं तर ते ताणलं जाईल, वरचं कापड ताणलं जाणार नाही, आणि दोघं एकमेकांशी भांडत राहतील.

टाचण्या लावा, कच्चे टाके घाला, मग वरून धावदोऱ्याच्या ओळी ४ ते ५ मिलिमीटर अंतराने पूर्ण ठिगळावर घाला. फक्त कडेने शिवलं तर मधलं विरलेलं कापड तसंच झिजत राहतं. ओळींमुळे ताण सगळ्या ठिगळावर पसरतो. जपानी साशिको टाक्याच्या मुळाशीही हेच आहे. ओळींची टोकं एका रेषेत संपवू नका, एक पुढे, एक मागे ठेवा. सगळी टोकं एका रेषेत आली की त्या रेषेवर घडी पडते आणि तिथेच कापड तुटतं.

मांड्यांच्या आतल्या भागासाठी जीन्सचं जाड ठिगळ लावू नका. ते चालताना घासतं आणि त्याच्या कडेवर नवी फाट पडते. पातळ, मऊ, दाट विणीचं सुती कापड घ्या. हे ठिगळ भोक पडायच्या आधी लावलं तर निम्म्या वेळात होतं. म्हणून जीन्स धुतल्यावर वर्षातून दोन-तीनदा तरी उजेडासमोर धरा.

खिळ्याला अडकून काटकोनात फाटलं असेल तर दोन्ही कडा जवळ आणा, धागे जुळवा, आतून पातळ फ्युजिंग (मागे गोंद असलेलं अस्तर) इस्त्रीने चिकटवा आणि वरून बारीक टाक्यांनी फट ओलांडत शिवा. फ्युजिंगवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. धुण्यात त्याचा गोंद सुटतो.

चेन, इलास्टिक, कॉलर

चेनचा रनर पुढे सरकतो पण मागे दात उघडे राहतात, याचा अर्थ रनरचे दोन पत्रे थोडे फाकले आहेत. रनर खाली आणा आणि त्याच्या मागच्या टोकाच्या दोन्ही बाजू पकडीने अगदी थोड्या दाबा, चालवून पाहा, लागलं तर पुन्हा दाबा. एकदम जोर लावला तर ठिसूळ धातू तडकतो किंवा रनर घट्ट बसतो. अडकणाऱ्या चेनवर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती घासा. जोडलेल्या टोकाकडचे एक-दोन दात गेले असतील तर त्यांच्या लगेच वर दोन्ही बाजू जाड दोऱ्याने सात-आठ वेळा एकत्र शिवा. रनर तिथे थांबेल आणि चेन तेवढी आखूड होईल.

नेफ्यातलं इलास्टिक बदलताना कमरेच्या मापापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर आखूड तुकडा घ्या. नेफा ३-४ सेंटिमीटर उसवा, जुन्या इलास्टिकच्या टोकाला नवं सेफ्टी पिनने जोडा आणि जुनं ओढून काढा, म्हणजे नवं आपोआप आत जातं. टोकं २ सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून चौकोनात शिवा. शिवण्याआधी पीळ पडलेला नाही ना हे बोटाने पूर्ण फिरून पाहा.

शर्टाची कॉलर घडीवर विरली आणि बाकी शर्ट छान असेल तर कॉलर उलटवता येते. कॉलर तिच्या पट्टीपासून उसवा, पट्टी शर्टाला तशीच राहू द्या. कॉलर आणि पट्टी दोन्हींचा मध्य टाचणीने खुणा करून ठेवा, कॉलर पालटून पुन्हा त्याच फटीत बसवा, मध्यापासून दोन्ही टोकांकडे कच्चे टाके घाला आणि मग टीप मारा. विरलेली बाजू आता आत, दुमडीखाली जाते. उसवण्याआधी कॉलरची खालची बाजू पाहून घ्या: तिथे कॉलर ताठ ठेवणाऱ्या काड्या घालायचे खाचे असतील तर पालटल्यावर ते वर दिसतील.

लोकरीवर आणि मिश्र कापडावर जमणारे बारीक गोळे म्हणजे पृष्ठभागावर सुटलेले तंतू घासून गुंतलेले असतात. ते गोळे काढायच्या मशीनने किंवा लोकरी कंगव्याने, कापड सपाट ठेवून, हलक्या हाताने काढा. प्रत्येक वेळी थोडं कापडही जातं. आधीच पातळ असलेल्या स्वेटरवर हे करू नका.

शेवटी उरलेल्या कापडाचं

दुरुस्तीपलीकडे गेलेला कपडा फेकण्याआधी त्यातून बटणं, धड चेन, हुक आणि न विरलेले भाग काढून घ्या. जीन्सच्या पोटऱ्या आणि शर्टाची पाठ हे भाग बहुधा शाबूत असतात. असं कापड ठिगळासाठी नव्यापेक्षा चांगलं, कारण ते जे काही आटायचं ते आधीच आटलेलं असतं आणि जुन्या कपड्याइतकंच मऊ झालेलं असतं. तुकडे रंगाप्रमाणे नव्हे, कापडाच्या जातीप्रमाणे लावा: सुती एकीकडे, लोकरी एकीकडे, ताणले जाणारे वेगळे. लोकरी तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर कसर तिथूनच कपाटात शिरेल.